चौदाव्या रांगेतला रुमाल

माझ्या विमानाच्या पासवर चौदा बी असं छापलेलं होतं. माझ्या बायकोच्या, सगुणाच्या, पासवर त्या जागी काहीच नव्हतं, नुसता कोरा कागद.

“असं कसं?” मी बॅगा घेणाऱ्या मुलाला विचारलं.

“त्यांची सीट वर गेटवर मिळेल, काका. काळजी करू नका.”

काळजी करू नका असं कुणी म्हटलं की सगुणा काळजीला लागायची. तिनं पास उलटा करून बघितला, मागंही काही नव्हतं. मग घडी घालून ब्लाऊजात ठेवून दिला.

आम्हाला कुठल्याही परिस्थितीत संध्याकाळच्या आत कोलकात्याला पोचायचं होतं. सगुणाची थोरली बहीण शेवंताक्का तिथल्या इस्पितळात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हृदयाचं ऑपरेशन होणार होतं, आणि डॉक्टरांनी वाचण्याची खात्री दिली नव्हती. अक्काचं सासर विट्याकडचं. तिकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. तशी अक्का नवऱ्यामागं कोलकात्याला गेली आणि तिथलीच झाली. पण त्याआधी तिनं सगुणाला वाढवलं होतं. आई गेली तेव्हा सगुणा रांगत होती. अक्काच्या कडेवर ती मोठी झाली.

आदल्या दिवशी अक्काच्या मुलाचा, संपतचा, फोन आला होता. “काका, मावशीला घेऊन या. आई म्हणतीया, सगुणीचं तोंड बघितल्याशिवाय मी आत जाणार नाही. डॉक्टर काय थांबत नाहीत.” रेल्वेनं दोन दिवस गेले असते. म्हणून त्यानंच विमानाची तिकिटं काढून पाठवली. आम्ही दोघंही पहिल्यांदाच विमानात बसणार होतो.

गेटवर निळ्या कोटातली एक मुलगी होती. वय आमच्या थोरल्या नातीएवढं असेल. सगुणानं पास तिच्यापुढं धरला.

“बाळ, यावर माझा नंबर घाल की.”

“थोडं थांबा, मावशी. बघते मी.”

तिनं बघितलं नाही. माइक हातात घेतला आणि आधी इंग्रजीत, मग हिंदीत, मग मराठीत बोलली. विमानात जागेपेक्षा प्रवासी जास्त झालेत. ज्यांना उद्याच्या विमानानं गेलेलं चालेल त्यांनी पुढं यावं. कंपनी मोबदला देईल, रात्रीच्या मुक्कामाची सोय करील, उद्याची जागा पक्की देईल.

कुणी उठलं नाही. एक तरुण गेला, काहीतरी विचारलं, मान हलवून परत येऊन बसला.

“जागेपेक्षा जास्त म्हणजे?” मी आपल्याशीच बोललो.

“म्हणजे मुद्दामच जास्त तिकिटं विकतात,” शेजारचे गृहस्थ म्हणाले. पांढरा शर्ट, काळी पँट, मांडीवर जाडजूड बॅग. “दर वेळी चार-दोन लोक येत नाहीत. सीट रिकामी जाऊ नये म्हणून आधीच चार-दोन जास्त विकायची. आज सगळेच आले. माझ्याही पासवर नंबर नाही.”

त्यांचं नाव आगाशे. वकील होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोलकात्याच्या कोर्टात त्यांची सुनावणी होती.

मला ते लगेच कळलं. मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी केली. ऊस टाकायची गव्हाण रिकामी राहू नये म्हणून आमच्याकडंही लागतात त्याहून जास्त गाड्या बोलावत. कारखाना थांबायचा नाही, पण बैल जुवाला तटून उभे राहायचे. त्या बैलांकडं बघून मला कधी वाईट वाटलं नव्हतं असं नाही. पण गाड्या बोलावणारा मी नव्हतो. ही मुलगीही नसावी.

आत सोडायला सुरुवात झाली. लोकांची रांग लागली आणि सगुणानं माझ्या कोपराला ढोसलं.

“तुम्ही पुढं व्हा.”

“आणि तू?”

“मी येते मागनं. ती पोरगी नंबर देती म्हणालीया न्हवं? तुम्ही जाऊन जागा धरा. न्हाईतर तुमचीबी जायची.”

यात नवं काही नव्हतं. लग्न झाल्यापासून आम्ही असाच प्रवास केला. विट्याच्या स्टँडवर गाडी वळायच्या आत मी खिडकीतनं रुमाल आत टाकायचा, मग दारातनं घुसायचं आणि रुमालाशेजारी बसायचं. गर्दी ओसरली की सगुणा पिशव्या घेऊन सावकाश चढायची आणि रुमाल उचलून बसायची. जत्रा असो, लग्नसराई असो, तिला मी कधी उभ्यानं प्रवास करू दिला नाही. दुसरं काही मोठं मी तिच्यासाठी केलं असेल असं मला आठवत नाही, पण तेवढं केलं.

मी रांगेत शिरलो. बोगद्यासारख्या वाटेनं विमानात गेलो. चौदावी रांग सापडली. माझी जागा मधली होती. खिडकीची रिकामी होती. मी खिशातला रुमाल काढला, निळ्या चौकटीचा, सगुणानं कडा शिवलेला, आणि खिडकीच्या जागेवर पसरला.

थोड्या वेळानं एक बंगाली बाई येऊन उभी राहिली. कपाळाला मोठं लाल कुंकू, हातात मिठाईचा डबा.

“दादा, ये मेरा सीट है।”

“रुमाल डाला है,” मी म्हणालो. “मेरा मंडळी आ रही है।”

तिनं एकदा रुमालाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि आपला पास पुढं केला. चौदा ए. मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. हवाई सुंदरी आली, तिनंही पास बघितला. “सर, प्लीज, रूमाल उठाइए।”

मी रुमाल उचलला. बाई आत गेली आणि बसली. मग मी मान वर करून सगळ्या विमानात नजर फिरवली. पुढं डोकी, मागं डोकी. एसटीत जागा नसली तरी माणूस चढतं. उभं राहतं, दोघांच्यात तिसरं बसतं, दारात पायरीवर टेकतं. इथं उभं कुणीच नव्हतं. इथं जागा नाही म्हणजे माणूस नाही.

आणि आत मी होतो. अक्का माझी वाट बघत नव्हती.

मी उठलो. माझ्या जागेवर कुणी बसू नये म्हणून रुमाल तिथं पसरला आणि दाराकडं निघालो. उलट्या बाजूनं येणाऱ्यांना चुकवत दारापाशी पोचलो तर सुंदरीनं हात आडवा केला.

“सर, आप उतर गए तो वापस नहीं आ सकते।”

“मेरी बायको बाहर है।”

“वो आएँगी ना। आप बैठिए।”

“नंबर नहीं है उसका. बात करके आता है.” मी तिच्या हाताखालनं वाकून बाहेर पडलो. ती मागनं काहीतरी बोलली, फोन उचलला.

गेटवर आता तिघंच उरली होती. ती मुलगी, आगाशे वकील आणि सगुणा. सगुणा खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती, एसटी लागली की उठायचं तशी. मला बघून तिचा चेहरा उतरला.

“का आलासा? जागा गेली?”

“हाय जागा.” मी मुलीपुढं जाऊन उभा राहिलो. “मी उतरलो तर हिला जागा मिळंल का?”

“काका, तुम्ही सीट सोडताय का?”

“आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या.”

तिनं संगणकाकडं बघितलं. बोलले ते आगाशे.

“सीट रिकामी झाली तर ती मला मिळते. यादीत पहिलं नाव माझं आहे. बरोबर ना, मॅडम?”

“हो, सर.”

“मग मी सोडत नाही,” मी म्हणालो.

“ठीक आहे काका, मग आत जाऊन बसा. मला दार बंद करायचंय.”

“बसतबी नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी हितंच उभा आहे. सोडली असं म्हणालेलो नाही. हिचं नाव माझ्या जागेवर चढल्याचं दाखवा, मग म्हणतो.”

मुलीच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. कुणीतरी इंग्रजीत विचारत होतं, तिनं इंग्रजीत उत्तर दिलं.

“काका, विमानाला उशीर झाला तर माझ्यावर येतं.”

“माहीत आहे मला. तुझ्यावर राग नाही.”

“तुम्ही आत जावा की वो,” सगुणा म्हणाली. “तुम्ही तरी जावा. अक्काला सांगा, सगुणा उद्या येती म्हणून.”

“मला बघून अक्का काय आत जाणार हाय? तिला तू पायजेस.”

“अहो काका,” आगाशे म्हणाले, “तुमची अडचण मला समजते. पण नियम सगळ्यांना सारखा. माझ्या अशिलाची उद्या जमीन जाईल. तुमचं काय आहे, ऑपरेशन?”

“माझ्या बहिणीचं,” सगुणा म्हणाली. “बहीण म्हणजे, माझी आईच ती. मला आई आठवत न्हाई. तीच आठवती.”

आगाशे तिच्याकडं बघत राहिले. मुलगी तेवढ्यात संगणकावर वाकली होती. तिनं दोन-तीन बटणं दाबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “काका, तुमची दोघांची तिकिटं एकत्र काढलीत का?”

“पुतण्यानं... हिच्या भाच्यानं काढली. एकाच वेळी.”

“एकच बुकिंग आहे. मग ही सोडलेली सीट होत नाही. तुमच्या तिकिटातल्या एका नावाची सीट दुसऱ्या नावाला. कदाचित करता येईल. मॅनेजरना विचारायला लागेल.”

तिनं वॉकीटॉकी तोंडाशी धरला. पलीकडचा माणूस नको म्हणत होता, एवढं इंग्रजी मलाही कळलं. यादी, यादी असं दोनदा म्हणाला. ती त्याला काहीतरी समजावत होती. काचेपलीकडं विमानाखालची माणसं सामानाची गाडी मागं घेत होती.

“त्यांना सांगा,” आगाशे अचानक म्हणाले, “यादीतल्या पहिल्या माणसाची हरकत नाही.”

मुलीनं मान वर केली.

“सांगा ना. आगाशे, ॲडव्होकेट. हरकत नाही म्हणावं. पण माझ्या मोबदल्यातला एक पैसा सोडणार नाही, हेही सांगा. आणि आता वेळ घालवू नका, मला उद्याच्या सुनावणीसाठी कोलकात्याला ज्युनियर वकील शोधायचाय.” एवढं बोलून त्यांनी पाठ फिरवली आणि फोन कानाला लावला.

मुलीनं सांगितलं. मग पलीकडनं एक शब्द आला, आणि बाजूच्या यंत्रातनं नवा पास बाहेर पडला. त्यावर सगुणा यशवंत मुळीक असं नाव होतं आणि चौदा बी.

“आता म्हणा, काका.”

“सोडली,” मी म्हणालो.

मला वाटलं, झालं. पण सगुणा जागची हलली नाही.

“मी एकटी न्हाई जायची.”

“सगुणा...”

“न्हाई म्हणते ना. मी कधी कराडला एकटी गेलेली न्हाई. तिकडची भाषा येत न्हाई, वाचता येत न्हाई. कुठं उतरायचं, कुठनं बाहेर पडायचं? आत गेल्यावर कुठं बसू? सगळे माझ्याकडं बघत्याली.”

“मॅडम दाखवतील.”

“त्या मघाशी नंबर देते म्हणल्या, दिला का?”

मुलीनं खाली बघितलं. बोगद्याच्या तोंडाशी एक माणूस दार ओढायला येऊन उभा होता. त्यानं घड्याळावर बोट ठेवून दाखवलं.

मला सगुणावर ओरडावंसं वाटत होतं. घरी असतो तर ओरडलोही असतो. पण ती खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरून बसली होती.

“हे बघ,” मी म्हणालो. “माझा रुमाल आत राहिलाय.”

“कुठं?”

“जागेवर. टाकूनच आलोय. निळ्या चौकटीचा, तुला माहीत हाय. चौदावी रांग, पण तू मोजत बसू नको. उजव्या अंगाला बघत जा. रुमाल दिसंल तिथं बसायचं. जागा धरलीय तुझी. शेजारी एक बाई हाय, मिठाईचा डबा घेतलेली. चांगली हाय. मघाशी मी तिची जागा धरली तरी ओरडली न्हाई.”

सगुणा माझ्याकडं बघत राहिली. मग उठली. पदर खोचला, पिशवी उचलली. त्या मुलीनं तिचा हात धरला, आणि दोघी बोगद्यात शिरल्या. दाराशी सगुणा वळली.

“मी पुढं जाऊन जागा धरते. तुम्ही सावकाश या.”

दार लागलं. मी काचेला कपाळ टेकवून विमान मागं सरकताना बघितलं. कुठली खिडकी चौदावी ते मला बाहेरनं कळेना.

विमान दिसेनासं झालं आणि मी खिशात हात घातला. हाताला फोन लागला. आमच्या दोघांत तो एकच होता. संपतचा नंबर, पत्ता, सगळं त्यात. सगुणाकडं पिशवीत शेंगदाण्याचे लाडू होते आणि अक्कासाठी नेलेली साडी.

मी संपतला फोन लावला आणि सांगितलं की मावशी एकटीच येतेय, फोनशिवाय. तो आधी ओरडला, मग म्हणाला, “काका, मी दारातच उभा राहतो. तुम्ही घाबरू नका.”

आगाशेंनी मला तिथल्या कँटीनमध्ये नेलं. चहा मागवला. तोपर्यंत ती मुलगी दोन पाकिटं घेऊन आली. तिच्यात आणि आगाशेंच्यात बराच वाद झाला. आगाशेंना त्यांच्या इच्छेविरुद्ध ठेवून घेतलं होतं, म्हणून त्यांना नियमानं ठरलेली रक्कम मिळणार होती. माझी जागा भरलेलीच गेली होती, आणि मागं राहायला मी स्वतःच कबूल झालो होतो. म्हणून मला फक्त उद्याचं विमान आणि एक कूपन. वर्षभरात कधीही दोघांनी कुठंही विमानानं जायचं.

“यांनाही मोबदला द्या,” आगाशे म्हणाले. “खुशीनं सोडलेली नाही ती सीट. बघितलंय मी.”

“राहू दे, साहेब,” मी म्हणालो. “माझं काय ठरलं होतं ते तिनं पाळलं.”

मुलगी जाता जाता थांबली. “काका, मावशी नीट आत गेल्या. मी दारापर्यंत गेले होते. त्यांनी मला विचारलं, रुमाल कुठंय. मी म्हटलं, आत. मग त्या भराभर गेल्या.”

आगाशे ज्युनियरला फोनवर केस समजावत होते. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. विमान उतरण्याची वेळ झाली. होऊन गेली. संपतचा फोन आला.

“काका, विमान उतरलं. लोक बाहेर आले. मावशी नाही आली.”

“नीट बघ.”

“सगळे गेले, काका. आता पायलटबी गेला. मावशी त्यात होती ना? नक्की?”

आगाशेंनी बोलणं थांबवून माझ्याकडं बघितलं. मी उठलो आणि त्या मुलीला शोधत निघालो, फोन तसाच कानाला. कुठं गेली असेल ती? दुसऱ्याच कुठल्या दारानं बाहेर पडली असेल. दुसऱ्याच कुणाच्या मागं गेली असेल. कोलकात्यात सगुणा हरवली तर ती कुणाला काय सांगणार, मराठीत?

“काका, थांबा,” संपत म्हणाला. “थांबा. एक व्हीलचेअर येतीया.”

व्हीलचेअरवर सगुणा नव्हती. कुणी म्हातारा होता. पण त्याच्या मागनं सगुणा आणि ती मिठाईवाली बाई चालत येत होत्या. बाईनं सगुणाचा दंड धरला होता.

नंतर कळलं ते असं. विमान थांबल्यावर सगळे उठले, पण सगुणा बसून राहिली. बाईनं उठवलं तरी उठेना. प्रवासात उतरायच्या वेळी गर्दीत घुसायचं नाही, मी सामान काढून खाली उतरलो आणि खिडकीखालनं हाक मारली की मगच तिनं उठायचं, अशी तिची सवय. विमान पार रिकामं झालं तेव्हा तिला आठवलं की मी खाली नाही.

संपतनं फोन तिच्या कानाला लावला.

“पोचले,” ती म्हणाली. “जेवलासा का?”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी इस्पितळात पोचलो तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. व्हरांड्यात लोखंडी खुर्च्यांची रांग होती. संपत आणि त्याची बायको भिंतीला टेकून उभी होती. सगुणा बसली होती. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि तिच्यावर माझा रुमाल होता. मला बघताच तिनं रुमाल उचलला, त्यानं खुर्ची पुसली आणि म्हणाली, “बसा.” धूळ असेल, असं मला वाटलं.

“अक्का?”

“शुद्धीवर आली. पाणी मागितलं.” एवढं म्हणून ती रडायला लागली.

परत येताना आम्ही रेल्वेनं आलो. कूपन होतं, पण सगुणा म्हणाली, “इमानात नगं. तिथं रुमाल टाकून काय उपेग न्हाई.” दोन दिवस खिडकीशी बसून आलो. कूपनाची मुदत कधी संपली ते कळलंही नाही.

अक्का त्यातनं उठली ती अजून धडधाकट आहे. गेली ती सगुणा. तिला पोटाचं दुखणं निघालं आणि ते वाढतच गेलं. सांगलीच्या इस्पितळात शेवटी शेवटी ती फारसं बोलत नव्हती. एका दुपारी डोळे उघडून म्हणाली, “तुमचा रुमाल द्या.”

घाम आला असेल म्हणून मी तिचं कपाळ पुसायला गेलो. तिनं माझ्या हातातनं रुमाल ओढून घेतला. कॉटवर तिच्या शेजारी वीतभर जागा मोकळी होती, तिथं तो पसरला. सावकाश, कोपरे सरळ करत. मग त्यावर हात ठेवून झोपली. औषधांनी भ्रम होतो, असं नर्स म्हणाली होती. मी काढायला गेलो नाही.

ती गेल्यावर नर्सनं विचारलं, “हा रुमाल तुमचा का?” मी म्हणालो, “राहू दे तिथंच.”

तेराव्याला अक्का आली. एवढ्या लांबनं, त्या वयात, संपतच्या हाताला धरून. जेवणं झाल्यावर माणसं पांगली, आम्ही दोघं बाहेरच्या सोप्यात बसलो. अक्का बराच वेळ सगुणाच्या फोटोकडं बघत होती. मग एकदम हसली.

“पाव्हणं, तुम्हाला तिनं त्या रुमालाचं सांगितलं का कधी?”

“कुठल्या?”

“माझ्या आपरेशनाच्या आदल्या सांजेचं. मला खोलीत ठेवलं हुतं. सगुणी आली, माझ्या उशाला स्टूल हुतं त्यावर बसली. दुसऱ्या स्टुलावर तुमचा रुमाल टाकला. संपत बसाय गेला तर त्याला उठवला. सूनबाईला उठवलं. डाक्टर आला, त्यालाबी बसू दिना. आमच्या ह्यांची जागा हाय, म्हणाली. मी म्हणलं, अगं खुळे, ते उद्या येणार. आत्तापास्नं कशाला धरतीस?”

“मग?”

“मग म्हणाली, अक्का, जागा आधीच धरायची असती. माणूस आल्यावर धरून काय उपेग?” अक्का पदरानं डोळे पुसत होती आणि हसतही होती. “सकाळी मला आत नेली तवा ते स्टूल तसंच रिकामं हुतं. मी हसतच आत गेले. भ्यावं हेच विसरले.”

स्वयंपाकघरात सुना भांडी घासत होत्या.

“हाय का तो रुमाल?” अक्कानं विचारलं. “मला दावा तरी.”

“नाही,” मी म्हणालो. “तिच्याबरोबर गेला.”

अक्कानं माझ्याकडं बघितलं. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच ठेवला.

“मग झालं तर,” ती म्हणाली. “जागा धरलीया तिनं. तुम्ही सावकाश जावा.”